उंदराच्या पाठीवरची अँटेना

आमचा वायफाय टेम्पोत बसून रोह्याला गेला, तेव्हा मी भाकऱ्या थापत होते.

पाणी भरून झालं होतं. अंगण झाडलं होतं. तव्यावर तिसरी भाकरी.

मागच्या खोलीतून हे ओरडले, "गो, नेट गेला. माझा ट्रक घाटात उभा हाय."

हे म्हणजे माझे मिस्टर. पेणमध्ये घरातच आमचा गणपतीचा कारखाना. पुढं ओटीवर राउटर, मधे कारखाना, मागं स्वयंपाकघर आणि त्याला लागून कॉम्प्युटरची खोली.

कॉम्प्युटर आमच्या सायलीचा. गेम खेळायला तिनं एकेक भाग आणून स्वतः जोडलेला. ती नोकरीला बंगळूरला गेली, तो इथंच राहिला.

फोनवर बापलेकीचं बोलणं म्हणजे,
"जेवलीस?"
"हो."
"बरं."

मग तिनं यांना ट्रकचा गेम शिकवला. रोज सकाळी साडेसहाला, कामगार यायच्या आत, ती तिथून आणि हे इथून, कुठल्या कुठल्या परदेशात माल पोचवायचे.

गाडी चालवता चालवता ती सगळं सांगायची. ऑफिसमधलं. घरमालकिणीचं. रविवारी एकटीला करमत नाही, तेही.

मला फोनवर कधी न सांगितलेलं मी भाकरी थापताना स्पीकरवर ऐकायचे.

म्हणून नेट तुटला की त्या दिवशी आम्हा दोघांनाही भाकरी गोड लागायची नाही.

आणि तो तुटायचाच. फळ्या मूर्तींनी भरू लागल्या की नेट रडायला लागायचा. "पप्पा, तुमचा ट्रक हवेत उडतोय," इति सायली. चतुर्थीनंतर कारखाना रिकामा झाला की पुन्हा पळायचा.

मी म्हटलं, "ओली शाडू सिग्नल खाते."
"बाप्पाला बोल लावतेस?"

वायर टाकून बघितली. जमिनीवरून टाकली तर हातात मूर्ती असताना पायाखालचं दिसत नाही. पत्र्याखालून टाकली, ती उंदरांनी दोन महिन्यांत खाल्ली.

मग यांनी बोटाएवढा यूएसबीचा वायफाय आणला. लांब वायरच्या टोकाला लावून वरच्या फळीवर ठेवला. धूळ नको म्हणून एका मूर्तीच्या पाठीमागच्या पोकळीत.

त्या सकाळी टेम्पो लवकर आला. दामूदादांनी, म्हणजे आमच्या सगळ्यात जुन्या कारागिरांनी, नेमकी तीच मूर्ती उचलून दिली. वायर सुटली, वायफाय पोकळीतच राहिला.

दुपारी रोह्याजवळच्या अष्टमी गावाहून गिऱ्हाइकाचा फोन.
"दादा, मूर्तीत पेनड्राईव्ह ठेवलाय तो आरत्यांचा काय? टीव्हीला लावला, पन काय वाजत नाय."

हे स्कूटर काढून रोह्याला गेले. परत आले ते हसतच. म्हणाले, "या नेटचं आता तूच काय ते ठरव."

मी शाळेत नववीपर्यंत गेलेली. पण हातात आलेला कागद वाचल्याशिवाय टाकत नाही. भजीचा असो नाहीतर कॉम्प्युटरच्या खोक्यातला. आठवडाभर कॉम्प्युटरच्या आत बसणाऱ्या वायफाय कार्डाबद्दल मिळेल ते वाचलं.

दुकानात गेलो. दुकानदार यांच्याकडेच बघून बोलत होता.
"काका, हे घ्या. एकदम फास्ट. लाईट पन लागतात."

मी विचारलं, "याची अँटेना वायरवर लांब ठेवता येते?"
"नाय काकी, ती मागंच बसते."
"म्हणजे कॅबिनेटचा पत्रा आडवा. आणि आमचा राउटर जुना, तुमचा फास्ट तिथं काय करणार? ग्राफिक्स कार्डाखाली छोटा स्लॉट एकच मोकळा आहे. त्यात बसेल आणि अँटेनाला वेगळी बैठक असेल, असं दाखवा."

तो यांच्याकडे बघायला लागला.
हे म्हणाले, "माझ्याकडं काय बघतोस? मी नुसता स्कूटर चालवतो."

कार्ड बसलं. अँटेना खोलीच्या झरोक्यात, सगळ्या गणपतींच्या डोक्यावरून थेट ओटीकडं तोंड करून.

हिलाही कुणी टेम्पोत घालू नये म्हणून यांनी शाडूचा एक उंदीर घडवला. पाठीत अँटेनाची बैठक बसेल एवढा खळगा. अंगाला राखाडी रंग, डोळे अगदी मन लावून आखलेले. पोटावर लिहिलं, "विकायचा नाय."

तरी दरवर्षी दोनचार गिऱ्हाइकं भाव विचारायचीच.

त्यानंतर ट्रक उडाला नाही.

आज यांना जाऊन वर्ष झालं. त्या दुपारी रंग कालवायला बसले आणि गेले. ब्रश धुऊन ओळीनं ठेवलेले होते.

अहो, नमस्कार. कारखाना चालू आहे. दामूदादा तुमच्यासारखे डोळे आखायला बघतात, अजून जमत नाहीत.

तेव्हा तेरावं झालं आणि सायली परत निघाली. जाताना झरोक्याकडं बघून म्हणाली, "मम्मी, हे काढू नकोस हां."
"नाय काढत."

बंगळूरला पोचल्यावर तिचा फोन आला.
"पोचले."
"जेवलीस?"
"हो."
"बरं."

फोन ठेवला आणि मला भीती वाटली. आता आम्हा दोघींचं एवढंच राहणार.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला मी गॅस बंद केला आणि तिला फोन लावला. म्हटलं, "आता गेममध्ये तुला पप्पांचं नाव चालू झालेलं दिसेल. घाबरू नको गो, मी हाय."

कॉम्प्युटर लावला. खुर्चीत बसले. पडद्यावर यांचा ट्रक उभा होता.

मग स्पीकरमधून आवाज आला, "मम्मी, आधी हँडब्रेक काढ."

मी काढला.