काट्याला तीट

पत्नी गेल्यानंतर काही महिने मी साक्रीजवळच्या एका गावी बहिणीकडे राहिलो. ओट्यावर पुस्तक घेऊन बसलो की समोरची अंगणवाडी दिसायची. तिथल्या मदतनीस बाईंचं नाव मी कधी विचारलं नाही. सकाळी त्या घरोघर फिरून पोरं गोळा करत आणि पदर धरलेली रांग मागे घेऊन, वाटेत कुणाचं नाक पुसत, परत येत.

एकदा वजनाच्या दिवशी एक आई आपल्या हाडकुळ्या मुलीला कवटाळून दारातच थांबली. वजन झाल्याशिवाय मुलीला जादा आहार सुरू होणार नव्हता.

“तोलं ते नजर लागस,” आई म्हणाली.

बाईंनी वाद घातला नाही. कनवटीची काजळाची डबी काढली आणि आढ्याला टांगलेल्या वजनकाट्याच्या तबकडीवर ठसठशीत तीट लावली.

“आते नजर लागी ते काटाले लागी, पोरले नही.”

आईला हसू आलं. मुलगी काट्याच्या झोळीत बसली.

पुढच्या महिन्यात आईने काट्याला लावायला घरचंच काजळ आणलं होतं. झोळीत मुलगी बसली आणि काटा चांगला पुढे सरकला. बाईंनी दारातूनच मला हाक मारली.

“भाऊ, आते तुम्ही बसा. पुस्तकं खाईसन वाळी गयात.”

पोरं खिदळली. मलाही हसू आवरेना.

त्या दुपारी बहिणीने आग्रह करायच्या आत मीच आणखी एक भाकरी मागितली.