पहिल्या खांद्याची कबड्डी

माझा उजवा हात कोपरात अजून पुरता सरळ होत नाही. तो मोडला तेव्हा मी खेळत नव्हते, साहेबांना चहा देत होते.

भोर तालुक्यातलं आमचं गाव कापूरहोळपासून फार लांब नाही. मी शाळेत खेळ शिकवते आणि संध्याकाळी देवळामागच्या गायरानावर मुलींची कबड्डी घेते. गुडघे सोलवटतात, ओठ फुटतात, मुली रक्त थुंकून पुन्हा उभ्या राहतात. वरची आळी, खालची आळी असलं त्यांच्यात काही नसतं. ते पुरुषांचं. जत्रेत दोन आळ्यांची कबड्डी होते आणि जिंकेल त्या आळीचा पालखीला पहिला खांदा लागतो. त्यापायी गावात मोडलेली हाडं घरटी एक तरी सापडेल.

मध्यंतरी सगळ्या भागाचा विकास आराखडा व्हायला घेतला. कुठं रस्ता, कुठं गोदाम, कुठं बंगल्यांची वसाहत, सगळं नकाशावर ठरणार होतं. गायरान खेळासाठी राखीव झालं नाही तर ते हातचं जाणार, आणि भोरला एसटीनं खेळायला पोरी कोण पाठवतो? म्हणून मी अर्जामागून अर्ज करून आराखडा करणाऱ्या साहेबांना जागा बघायला बोलावलं. माझ्या मुली त्यांना खेळून दाखवणार होत्या. ऐन वेळी दोन्ही आळ्यांची पुरुष मंडळी म्हणाली, "पोरींचा खेळ काय दावायचा सायबाला? बाई, तुमी चहाचं बघा. आमी खेळतो." सामना बरोबरीत सोडवायचा, हेही आपसांत ठरवून आले होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण जागा मिळतेय ना, म्हणून गिळलं.

बरोबरीत सुटलाही असता. पण मैदान किती जुनं आहे हे साहेबांना पटावं म्हणून एका म्हाताऱ्या पंचांनी माईक हातात घेतला. "सायेब," ते म्हणाले, "हितं जी आळी जिंकंल, तिचाच पालखीला पैला खांदा." ते बिचारे रीत सांगत होते. पण माईकवर खांद्याचं नाव निघाल्यावर बरोबरी कुणाला मान्य होणार?

पहिली चढाई वरच्या आळीच्या कप्तानाची. माझ्या संघात सगळ्यात चांगली चढाई करणारी पोरगी त्याचीच. त्यानं समोरच्याच्या जबड्यावर अशी लाथ घातली की दात मातीत पडले. खालच्या आळीनं त्याला उचलून डोक्यावर आपटला. मग रेषा उरली नाही. साहेबांसाठी घातलेल्या मांडवाचे बांबू उपसले गेले. सख्खे व्याही एकमेकांच्या छातीवर बसून तोंडं ठेचत होते. मी चहाचा ट्रे टाकून मध्ये पडले आणि बांबू माझ्या कोपरावर आला. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. कुणी मारला ते मला ठाऊक आहे, तो अजून वाटेत भेटला की नमस्कार करतो. साहेबांच्या जीपची काच फुटली तेव्हा ते आत डोक्यावर फाईल धरून वाकून बसले होते.

पोलीस आले, टाके पडले, जामीन झाले. मुली मात्र आठवड्यातच पुन्हा गायरानावर आल्या, दोन्ही आळ्यांच्या. मी गळ्यात हात अडकवून शिट्टी वाजवत होते.

पुढं आराखडा जाहीर झाला. नकाशात आमच्या गायरानावर लिहिलं होतं, पोलीस चौकीसाठी राखीव.

मी हरकत घेतली. सुनावणीला कप्तानाच्या पोरीलाही मुद्दाम बरोबर नेलं. टेबलामागं तेच साहेब. त्यांनी माझ्या वाकड्या हाताकडं पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "मॅडम, त्या जागेवर कशाची गरज आहे ते मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय."

मला संताप आला. त्यांचं चुकलं म्हणावं तर तोंड कुठं होतं?

पोरगी पुढं झाली. "सायेब," ती म्हणाली, "तवा आमी खेळलोच न्हाई. खेळणाऱ्या आमी हाय. त्या दिवशी आमाला खाली बसवलं हुतं."

साहेबांनी पेन उचललं, काही न लिहिता पुन्हा ठेवलं, आणि शिपायाला पुढचं नाव पुकारायला सांगितलं.