जाळून पाहिलेला कोट

विडी-सिगारेट न ओढणाऱ्या माणसाच्या खिशात काडेपेटी कशाला, असा संशय तुम्हालाही आला असता. मला तर पहिल्याच दिवशी आला. तेवढ्यात काकांनी माझ्या शर्टाच्या टोकाचा एक सुटा धागा अलगद उपसला, काडी ओढून जाळला, नाकाशी नेला आणि म्हणाले, "जाळल्याशिवाय धागा खरं बोलत नाही, भाऊ."

काका सायली गावातल्या एका कापड कारखान्यात तपासनीस होते आणि सिल्वासात माझ्या शेजारच्या खोलीत राहायचे. मूळचे जळगावकडचे. लोकर जळली की केस जळल्याचा वास येतो आणि राख चुरगळते. पॉलिएस्टर वितळतं, त्याचा काळा कडक मणी होतो. जगाकडेही ते असंच पाहायचे. दूधवाला, रॉकेलवाला आणि मी, आम्ही सगळे अजून जाळून पाहायचे राहिलेलो होतो. "तपासू देत नाही तो चोर," हे त्यांचं दुसरं वाक्य.

एका वर्षी कारखान्यात पगार तुंबले आणि नेमका तेव्हाच त्यांच्या मुलीचा साखरपुडा ठरला. व्याही सुरतेतले कापडाचे दलाल. काकांकडे कोट नव्हता. मी माझा देऊ केला.

"उसना कोट खांद्यावरच कळतो, भाऊ. शिवला तर माझा शिवीन."

मग त्यांची सायकल दिसेनाशी झाली. "डॉक्टरनं पायी चालायला सांगितलंय," म्हणाले. मी कारखान्यांचे हिशेब तपासणारा माणूस, पण सायकल कुठे गेली हे विचारायचं सोडून त्यांना चालण्याचे फायदे सांगत बसलो.

त्याच आठवड्यात किलवणी नाक्यावर एक गुजराती गृहस्थ भेटला. काखेत कापड, म्हणे बोटीवरून उतरवलेली विलायती लोकर. काकांनी डोळे बारीक केले. मी मजा बघायला सरसावून उभा राहिलो. पण त्या गृहस्थानेच काठाचा एक धागा उपसून, आधी जाळून बघा म्हणत पुढे केला.

"बाळी जुओ ने, साहेब. पछी पैसा."

काकांनी जाळला. केसांचा वास आला, राख चुरगळली. सायकलीचे पैसे तिथेच गेले. येताना काका कौतुकाने म्हणाले, "स्वतःहून तपासा म्हणणारा माणूस पहिल्यांदा पाहिला."

कोट आणायला आम्ही दोघं गेलो. शिंपी खाली मान घालून म्हणाला, "काका, इस्त्री चिकटतेय." काकांनी उरलेल्या कापडाच्या मधला धागा काढून जाळला. वास आला नाही. टोकाला काळा मणी लोंबला. लोकर फक्त काठाला ओवलेली होती.

मी उगाच बटणांच्या डब्यात पाहू लागलो. काकांनी मणी चिमटीत फोडायचा प्रयत्न केला, तो फुटला नाही. मग कोट घालून आरशापुढे उभे राहिले.

"खांद्यात बरा बसलाय," म्हणाले. "आणि भाऊ, तुम्ही आज इथे आला नव्हता."

साखरपुड्यात व्याह्यांनी आलिंगन दिलं आणि दलालाच्या सवयीने कोटाची कड दोन बोटांत घेतली. माझ्या तोंडातला पेढा तिथेच थांबला.

"लोकर काय?"

"स्वतः जाळून पाहिलीय," काका म्हणाले. यात एक अक्षर खोटं नव्हतं.

मग दोघा व्याह्यांना पाटावर बसवून बायका ओवाळू लागल्या. निरांजन जवळ आलं तसे काका कमरेतून मागे कलले. वरमाई म्हणाली, "अहो, पुढे या की."

"अग्नीला मान द्यावा माणसानं," काका म्हणाले.

मी हसू दाबत शेजारी पाहिलं. सुरतेचे व्याहीही आपला कोट सावरत तेवढेच मागे कलले होते. काकांनीही ते पाहिलं. त्यांचा हात खिशातल्या काडेपेटीकडे गेला, तिथेच थांबला आणि रिकामाच बाहेर आला.

पुढे कारखाना बंद पडला. काका गावी निघाले तेव्हा ऐन वैशाख होता, तरी अंगात कोट होता. मी पोचवायला गेलो होतो. गाडीत शेजारच्याने विडी पेटवली. काका उठले, कोटाची टोकं पोटाशी धरली आणि साहेबासारखे पुढच्या बाकावर जाऊन बसले.

काडेपेटी माझ्या खिडकीत ठेवून गेले होते. मी अजून तिच्यातली एकही काडी ओढलेली नाही.