ग्रहणाच्या दिवशी शिवलेला युनिफॉर्म

सातव्या महिन्यात माझा कुर्ता पोटावर अडकून बसला. जाकिटाची बटणं तर कधीच सोडून दिली होती, पण आता कुर्ताही खाली उतरेना. हिंजवडीतल्या एका ऑफिसात मी रिसेप्शनवर होते, एजन्सीच्या कंत्राटावर. करडा कुर्ता, काळी पँट, मरून जाकीट असा ठरलेला युनिफॉर्म. शुक्रवारी सुपरवायझर माझ्या टेबलापाशी आले आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "मॅडम, तुमच्या साईजचा युनिफॉर्म येत नाही हो. आता घरीच आराम करा. सोमवारी मी बदली मुलगी घेऊन येतो."

आराम बिनपगारी होता. नवऱ्याचं काम गणपतीच्या आधीच सुटलं होतं आणि घरात पगार माझा एकटीचा. मी म्हटलं, "सोमवारी मी युनिफॉर्ममध्येच येईन." कशी येणार होते, ते मलाही ठाऊक नव्हतं.

शनिवार फिरण्यात गेला. दुकानात गरोदर बायकांचे म्हणून जे कुर्ते टांगले होते ते फुलाफुलांचे, आणि किंमत अशी की जणू बाळंतपणही त्यातच धरलंय. शेजारच्या माण गावातला टेलर आठवड्यानंतर या म्हणाला. तेव्हा ठरवलं, आपणच शिवायचं. शिवणकाम मला आईनं लातूरला असताना शिकवलं होतं. युनिफॉर्मचे दोन जोड होते, एक जुना, एक नवा. जुना उसवायचा आणि त्याच्या कापडाच्या तिरक्या पट्ट्या, म्हणजे कळ्या, नव्याच्या दोन्ही बाजूंना घालायच्या. कात्री चुकली तर दोन्ही जोड गेले आणि नोकरीही गेली, एवढाच काय तो धोका.

मशीन होती घरमालकीणकाकूंकडे. त्यांच्या भाताच्या खाचरांच्या जागी आता आमच्यासारख्या भाडेकरूंच्या खोल्या होत्या, आणि लग्न होऊन गेलेल्या लेकीची मशीन ओसरीवर चादरीखाली पडून होती. रविवारी सकाळी मी कापड आणि कात्री घेऊन खाली गेले. काकूंनी माझ्या हातातली कात्रीच काढून घेतली.

"आज गिराण हाय, ठावं हाय नव्हं? पोटुशीनं कात्री धरायची न्हाई, सुई धरायची न्हाई. पोराच्या व्हटाला चीर पडती."

"काकू, त्यानं काही होत नाही. आणि उद्या मी घरी बसले तर भाडं कुठून देऊ?"

"भाडं मागितलं का म्या? जा, वर जाऊन पड."

मला असा राग आला की जिना चढताना दम लागला तरी थांबले नाही. सुपरवायझरला मी घरी हवी, काकूंना मी आडवी हवी, आणि मला काय हवं ते कुणी विचारत नव्हतं. खोलीत जाऊन मी सेफ्टीपिन घेतली आणि जुन्या कुर्त्याची शिवण उसवायला बसले. उसवणं म्हणजे काही कापणं नव्हे, असं स्वतःला बजावलं. खरं सांगायचं तर मनात धाकधूक होतीच, आणि धाकधूक वाटते याचाही राग येत होता.

दोन्ही बाह्या सुटल्या तेवढ्यात काकू वर आल्या. डोळ्यांवर चष्मा, हातात भिंतीवरून काढलेलं कॅलेंडर.

"हितं बग. वेध दुपारपास्नं, पर लेकरं, म्हातारी आन पोटुशी, त्यास्नी सांजपास्नं. तवर उरक. सांज झाल्यावर सुईला हात लावलास तर गाठ माज्याशी हाय."

म्हणजे मला हाकलून दिल्यावर काकू वाट शोधत बसल्या होत्या. माझा राग कुठल्या कुठे गेला.

मग मी कापड घेऊन खाली मशीनवर बसले. काकू शेजारी बसून घड्याळ राखत होत्या. कळ्या बेतल्या. पोट वाढलं की पुढचा घेर वर उचलला जातो म्हणून पुढची बाजू चांगली चार बोटं लांब ठेवली. पँटचा कमरेचा पट्टा काढून तिथे नवऱ्याच्या जुन्या टी-शर्टचं कापड लावलं, ते हवं तेवढं ताणायचं. नव्या आणि जुन्या कापडाचा करडा रंग जुळेना. एक धुऊन धुऊन फिका पडलेला, दुसरा अजून गडद. असू दे म्हटलं. मशीन कुरकुरत होती, पाठ त्याहून जास्त.

खालची दुमड तेवढी राहिली तोच सांज झाली आणि काकूंनी मशीनवर चादर टाकली.

"काकू, एवढंच."

"न्हाई."

त्यांनी कुर्ता स्वतःच्या मांडीवर घेतला. मला दोरासुद्धा ओवू दिला नाही, तो खाली आलेल्या माझ्या नवऱ्यानं ओवला. काकूंनी आयुष्यभर वाकळा, म्हणजे गोधड्याच शिवलेल्या. करडा दोरा दिसत नाही म्हणून त्यांनी पांढरा घेतला आणि वाकळेसारखे लांब टाके घालत दुमड पुरी केली. मी हात बांधून बसले होते आणि ते पांढरे टाके बघून मला रडू येत होतं. उद्या ऑफिसात हसतील म्हणून, आणि काकूंना रात्रीचं दिसत नाही तरी त्या शिवतायत म्हणूनही.

सोमवारी सुपरवायझर बदली मुलीला घेऊनच आले. बिचारी पर्स छातीशी धरून उभी होती. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"ही साईज कुठून आली?"

"शिवली."

त्यांची नजर खालच्या घेरावर थांबली. "आणि हे पांढरं काय?"

"वेध लागले होते. ते घरमालकिणीनं शिवलं."

त्यांनी घेरावरची नजर काढून घेतली. कदाचित त्यांच्याही घरी आदल्या रात्री कुणाला तरी सुईपासून लांब बसवलं असेल. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. त्या मुलीनं सुपरवायझरकडे पाहिलं.

मी फोन उचलला. नववा महिना लागेपर्यंत तो मीच उचलत होते.