जरतरबाई

वहीत कुठे 'इफ' दिसला की आमच्या इंग्रजीच्या बाई हात धुऊन त्याच्या मागे लागत. मुखेडच्या कॉलेजात सगळी पोरं त्यांना जरतरबाई म्हणत, आणि हे त्यांना ठाऊकही होतं. त्यांचा हिशेब सोपा होता. होणारच असेल तिथे विल, अटीवर अडून बसलं असेल तिथे वुड. "वुड म्हंजे अडलेलं काम," त्या म्हणत, "आता कुठं अडलंय ते सांगा."

बाकीचे शिक्षक वाक्य तपासून वही परत देत. बाई वाक्य खरं धरत. 'मला चष्मा असता तर मी फळा वाचला असता,' असं गजाननने इंग्रजीत लिहिलं. बाईंनी बरोबरची खूण केली आणि रविवारी त्याला चष्म्याच्या दुकानात नेऊन उभा केला. आज लातूरला त्याचं स्वतःचं चष्म्याचं दुकान आहे आणि बाईंचा चष्मा तोच बनवतो.

मग काय, वर्गाला चेव आला. एकाने घोडा मागितला. "घोडा ऱ्हाऊ दे, सायकलीवर लिव, बघू," बाई म्हणाल्या. 'मी पक्षी असते तर' मात्र त्यांनी चालू दिलं नाही. "व्याकरण बरोबर हाय. पर पाखराचं माझ्या हातात न्हाई."

मला नर्सिंगला नांदेडला जायचं होतं. घरात विषय काढला की बाबा ताट पुढे ओढून जेवायला लागत. शेवटी मी वहीतच लिहिलं, बाबा हो म्हणाले असते तर मी नांदेडला शिकले असते. आता बाई काय करतील हे माहीत होतं, म्हणून वही गठ्ठ्यात सगळ्यांत खाली सरकवली.

त्याच संध्याकाळी बाई आमच्या ओट्यावर हजर.

"दादा, पोरीचं वाक्य बरोबर हाय. तुमच्यापाशी अडलंय."

"शिकू नको म्हनत न्हाई, बाई," बाबा म्हणाले. "पर तिथं पोरगी कशी ऱ्हाईल, ते म्या बघितलं न्हाई."

"मग बघा की. उद्या जाऊ."

दुसऱ्या दिवशी मला घरी ठेवून दोघं एसटीने गेले. बाबांनी म्हणे वसतिगृहाच्या खिडक्यांच्या कड्या हलवून पाहिल्या, खानावळीत वरण मागून खाल्लं, रेक्टरबाईंना 'तुमचं गाव कोन्तं' इथपासून विचारलं. घरी आल्यावर बाबा आईला एवढंच म्हणाले, "वरन बरं हाय तिथलं." माझा जीव भांड्यात पडला. बाई समोर असत्या तर मी त्यांच्या गळ्यातच पडले असते.

निघायच्या दिवशी बाई स्टँडवर आल्या. गाडी लागली, तरी बाबा माझी पेटी धरून तसेच उभे.

"बाई, न्हाई जमलं हिला तर?"

मला वाटलं, आता बाई 'तर'च्या मागे लागणार आणि माझी गाडी चुकणार.

"जमंल," बाई म्हणाल्या.

बाबांनी माझ्याआधी पेटी गाडीत चढवली.