रूबेनकाकांचे पंच्याण्णव वाल

रूबेनकाकांचा फोन नंबर मी पहिल्याच भेटीत पाठ केला, कारण तो शनिवार होता. मी नुकतीच लंडनमध्ये राहायला आले होते. हे लंडन ओंटारिओतलं, राणीचं नव्हे. शेजारच्या घरातून एक शिडशिडीत म्हातारा बाहेर आला, माझ्या पेट्यांवरचं नाव-गाव वाचून मराठीत म्हणाला, "नागपूरची का गो तू? काही लागलं तर फोन कर." मी कागद-पेन पुढे केलं, तर त्यांनी हात मागे घेतले. "आज शनवार. मी लिहीत नाही. तोंडी सांगतो, पाठ कर." मी दहा आकडे पाठ केले. त्यांनी ते माझ्याकडून तीनदा म्हणून घेतले आणि मगच ते आत गेले.

काका बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, अलिबागकडचे. घाण्यावर तेल काढणाऱ्या आणि शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या त्यांच्या पूर्वजांना कोकणात शनवार तेली म्हणत. काका ते नाव मोठ्या तोऱ्यात सांगत. "घाणा गेला, तेल गेलं, शनवार राहिला," असं म्हणून ते हसत. बाकी सगळ्या नियमांशी त्यांनी आपापल्या सोयीने तह केलेला होता, पण शनिवारी लिहायचं नाही हे आजोबांनी शिकवलेलं होतं, म्हणून ते पक्कं.

गंमत अशी की या माणसाचं आयुष्य लिहिण्यातच गेलं होतं. मुंबईत तरुणपणी ते मैदानांवर कचेऱ्यांच्या क्रिकेट सामन्यांचे स्कोअरर होते. कॅनडात येऊन चाळीस वर्षं एका कारखान्यात सुटे भाग तपासले, आणि निवृत्त झाल्यावर बेसबॉलची वही हातात घेतली. त्यांचा नातू एरन इथल्याच विद्यापीठात शिकायचा, काकांच्या बेसमेंटमध्ये राहायचा आणि विद्यापीठाच्या संघात पिचर होता, म्हणजे चेंडू फेकणारा. क्रिकेटसारखी इथे षटकं बदलत नाहीत. एकच माणूस फेकत राहतो, थकेपर्यंत किंवा कोच त्याला बाहेर काढेपर्यंत. न थांबता फेकलं तर कोपर कायमचं जातं, त्यामुळे किती चेंडू झाले ते कुणीतरी मोजावं लागतं. दुसऱ्या संघांकडे त्यासाठी हातात बटणाचं यंत्र धरून बसलेला माणूस असे. आमच्याकडे काका होते.

कोचशी त्यांचा करार साधा होता. एरनचे पंच्याण्णव चेंडू झाले की काका आपल्या जागेवर उठून उभे राहायचे आणि टोपी काढायचे. कोच ते पाहून एरनला बाहेर बोलवायचा, मग सामना कुठल्याही वळणावर असो. कोच एकदा म्हणाला, दोन-चार जास्त झाले तर काय बिघडतं? काकांनी त्याला इंग्रजीत समजावलं आणि माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "हात एकच असतो गो. दरवर्षी नवा मिळत नाही."

शनिवारच्या सामन्यांना मात्र वही बंद. त्यासाठी काकांकडे वाल होते. टोरोंटोच्या देशी दुकानातून आणलेले, अलिबागकडचे कडवे वाल. त्यांचा शनवार शुक्रवारी सूर्य मावळला की लागायचा, म्हणून त्याच्या आत ते पंच्याण्णव वाल मोजून जाकिटाच्या उजव्या खिशात टाकायचे. शनिवारी एरनने चेंडू फेकला की एक वाल उजवीकडून डाव्या खिशात. उजवा खिसा रिकामा झाला की काका उभे. मी त्यांना चिडवायचे, "काका, एवढ्या वालांचं बिरडं झालं असतं." ते म्हणायचे, "रविवारी तेच करतो. तू नारळ आण."

त्या उन्हाळ्यात काहीतरी सुटायला लागलं होतं. एकदा ते ग्रोसरीला गेले आणि दोन तास परत आले नाहीत. मी गाडी काढून शोधलं, तर भलत्याच बसथांब्यावर शांत बसलेले, मांडीवर दुधाची पिशवी. घरी आल्यावर मी, मोठी शहाणी, त्यांच्या मुलीला फोनवर सगळं सांगून टाकलं, तेही त्यांच्यासमोर. लिओरा, एरनची आई, टोरोंटोला राहते. ती लगेच म्हणाली की आता बाबांनी इकडे यायचं, ते घर विकायचं, आणि एरनने हॉस्टेल बघायचं. काका त्यानंतर दहा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. अकराव्या दिवशी कुंपणापाशी येऊन म्हणाले, "मला इथून हलवू नका. एरनचं अजून एक वर्ष आहे. तेवढं मला मोजू द्या." मी मान डोलावली, आणि पुन्हा त्यांची चूक काढायची नाही असं मनाशी ठरवून टाकलं.

ऑक्टोबरमध्ये संघ विभागीय स्पर्धेत पोचला. दोन तासांवरच्या गावात शुक्रवार ते रविवार सामने होते. दोनदा हरला तो घरी. काकांना मी गाडीने घेऊन गेले. शनिवारी गाडीत बसणं ते शक्यतो टाळत, म्हणून चालत जाता यावं असं त्यांनी मैदानासमोरचंच मोटेल निवडलं होतं. शुक्रवारचा सामना दुसऱ्या पिचरने जिंकून दिला. शनिवारी दुपारी एरन फेकणार होता.

शुक्रवारी पाच वाजता मी त्यांना चहा द्यायला गेले. काका पलंगावर दहा-दहाचे ढीग करून वाल मोजत होते. पंच्याण्णव झाले, जाकिटाच्या खिशात गेले. शनवार लागताना दोन मेणबत्त्या लावायच्या असतात, पण मोटेलात बंदी, म्हणून त्यांनी बॅटरीच्या दोन आणल्या होत्या. "देव चालवून घेतो," म्हणाले. आम्ही चहा प्यायलो, एरनच्या कोपराबद्दल बोललो. सहा वाजता मी वरण-भाताचा डबा घेऊन परत गेले, तर काका पुन्हा मोजत होते. जाकीट खुर्चीवर टांगलेलं, उजवा खिसा फुगलेला. मी दारातून "काका" म्हटलं, तर न बघता त्यांनी हात वर केला. "त्र्याऐंशी. चौऱ्याऐंशी." पंच्याण्णवला थांबले, उठले आणि तेही वाल त्याच खिशात टाकले. "झालं. आता उद्याची चिंता नाही."

आम्ही नागपूरची माणसं तोंडावर बोलण्यासाठी बदनाम आहोत. माझी आई तर शेजारणीच्या पोळ्या जाड झाल्या तरी भिंतीपलीकडून सांगायची. आणि मी काय म्हणाले? "काका, जेवून घ्या."

रात्री मी स्वतःची समजूत घातली. आधीचे त्यांनी काढून ठेवले असतील. खिशात दुसरंच काही असेल. एवढे जाणते स्कोअरर, त्यांना मी काय शिकवायचं. खरं कारण मला तेव्हाही माहीत होतं. मी बोलले असते, तर ते चुकले हे आम्हा दोघांनाही कळलं असतं, आणि मग टोरोंटोची गोष्ट पुन्हा निघाली असती.

शनिवारी ऊन छान होतं. एरन सुरुवातीला सुरेख फेकत होता. काका माझ्या शेजारी, दोन्ही हात खिशात. प्रत्येक चेंडूला उजवा हात बाहेर यायचा आणि डाव्या खिशाकडे जायचा. बेसबॉलच्या सामन्यात नऊ छोटे डाव असतात, त्यांना इनिंग म्हणतात; सहाव्या इनिंगला एरन दोन चेंडूंच्या मधे हात झटकायला लागला. सातव्या इनिंगला कोचने आमच्याकडे पाहिलं. काका बसलेले. कोचने एरनला विचारलं, तेव्हा आजोबांना पापा म्हणणारा एरन हसून ओरडला, "पापा इज स्टिल सिटिंग. आय एम गुड."

मी त्यांच्या खिशाकडे पाहिलं. तो अजून फुगलेला होता. वाक्य जिभेवर होतं, चार शब्दांचं: काका, खिसा बघा ना. आपला संघ एका धावेने पुढे होता. आजूबाजूला सगळे उभे राहून ओरडत होते. काकांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मी आणखी एक चेंडू थांबले, मग आणखी एक.

आठव्या इनिंगला एरनने चेंडू फेकला आणि तो तिथेच वाकला. डाव्या हाताने उजवं कोपर धरून खाली बसला. पुढच्या पिचरने तो सामना वाचवला, रविवारचे दोन्ही आम्ही हरलो, पण हे मला नंतर कुणीतरी सांगितलं तेव्हा कळलं.

एरनला इस्पितळात नेलं, लिओरा टोरोंटोहून तडक तिथे आली. काकांना घेऊन मी मोटेलवर परतले. अंधार पडला, त्यांनी खिडकीतून तीन चांदण्या मोजल्या, म्हणजे शनवार संपला, आणि मग वही न उघडता दोन्ही खिसे पलंगावर उलटे केले. डावीकडचे मोजले: एकशे एकतीस. उजवीकडचे मोजले: एकोणसाठ. बेरीज करायला त्यांना क्षणही लागला नाही.

"तू डबा घेऊन आलीस, तेव्हा मी मोजत होतो," ते म्हणाले. "चहा आणलास तेव्हाही?"

"हो, काका."

"तू दोन्हीदा पाहिलंस."

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"वाटलं असतं," काका म्हणाले. "दहा दिवस वाटलं असतं. मग मी कुंपणाशी आलोच असतो ना, गो?" त्यांचा आवाज चढला नाही. मला त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी रडायला लागले, तर म्हणाले, "रडून काय होणार? माझं डोकं आता असंच होत जाणार. जे दिसेल ते मला सांगत जा. मी रागावलो तरी सांग."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कोचला, लिओराला आणि एरनला आपणहून सांगितलं की मोजणी त्यांची चुकली, वाल दुप्पट भरले गेले. कोच म्हणाला की दोष त्याचा, एका वृद्ध माणसाच्या खिशावर त्याने संघ चालवायला नको होता. काकांनी ते मानलं नाही. माझं नाव त्यांनी कुठेही घेतलं नाही. मी बाजूलाच उभी होते. तेव्हाही मी गप्प बसले.

एरनचं ऑपरेशन झालं. तो पुन्हा कधी पिचर म्हणून उभा राहिला नाही. काही आठवडे तो मित्राकडे राहिला, आजोबांसमोर यायचाच नाही. नाताळापर्यंत काकांचं घर विकायला निघालं आणि लिओरा त्यांना घेऊन गेली. निघताना ते माझ्या दारात आले, काही सांगायचं होतं ते विसरले, आणि नुसता माझा हात धरून उभे राहिले.

पुढची दोन वर्षं मी जमेल तशी टोरोंटोला जायचे. काकांचं बरंच काही पुसलं गेलं होतं, पण मराठी टिकली होती. दरवेळी ते विचारायचे, "एरन कसा फेकतोय?" घरात सगळ्यांनी ठरवलं होतं की छान फेकतोय म्हणायचं. डॉक्टरांचाही तोच सल्ला होता. मला ते जमेना. पहिल्यांदा मी सांगितलं, "काका, तो आता फेकत नाही. कोपर गेलं." त्यांचा चेहरा पडला. "कुणामुळे?" मी म्हणाले, "तुम्ही वाल दोनदा भरलेत. मी पाहिलं आणि बोलले नाही." मग माझ्या हातावर थोपटून म्हणाले, "सांगितलंस ते बरं केलंस." असं अकरा वेळा झालं. अकराही वेळा त्यांना ते नव्यानेच कळलं आणि तितकंच लागलं. लिओराला कळलं तेव्हा ती म्हणाली, "व्हाय डू यू डू धिस टू हिम?" आजही मला खात्री नाही की मी त्यांचा शब्द पाळत होते की स्वतःचं ओझं त्यांच्यावर टाकत होते.

या एप्रिलमध्ये काका गेले. आपल्या सुतकासारख्या त्यांच्या सात दिवसांच्या बैठकीत एके दुपारी मी गेले, तेव्हा एरन सतरंजीवर एकटाच होता. दाढी वाढलेली. म्हणाला, "ही आस्क्ड मी एव्हरी वीक. मी सांगायचो, नाइंटी-फाइव्ह थ्रो केले अँड केम आउट. ही वॉज सो हॅपी." मग त्याने विचारलं, "यू? तुला पण विचारायचे?"

"विचारायचे."

"तू काय सांगायचीस?"

मी त्याला सगळं सांगितलं. पाच वाजताचा चहा, सहा वाजताचा डबा, फुगलेला खिसा, सातवी इनिंग. मी गप्प बसले हे, आणि आजोबांनी माझं नाव घेतलं नाही हेही. माझं संपल्यावर त्याने डाव्या हाताने उजवं कोपर धरलं, उठला आणि आत निघून गेला.

याला तीन महिने झाले. एरन माझे फोन उचलत नाही, आणि मला त्याचा राग येत नाही. बोलायला मला अडीच वर्षं लागली. त्याला लागतील तेवढी त्याने घ्यावीत.