भावजींची जीभ खरं सांगत होती

रविवार, १२ नोव्हेंबर १९७८. पलूसजवळचं आमचं गाव, कृष्णेचा काठ. हजर : सासूबाई, विधीला बसलेले माझे यजमान, तासगावची नणंद आणि तिचे मालक, भावकीतले अकरा जण, पलटणीतले मित्र रामचंद्र कांबळे आणि मी. माझे धाकटे दीर वसंतराव यांचा दहावा. वय बेचाळीस. न्यूमोनियानं चार दिवसांत गेले. कोण आलं, कोण राहिलं, हे मी तिथंच वहीत टिपून घेतलं. साताऱ्यात शाळा चालवते, त्यामुळे टिपून घेणं अंगवळणी पडलं आहे. पण वसंतभावजींच्या बाबतीत माझ्या टिपणातून एक गोष्ट मी जाणून गाळली. ती इथे लिहायची आहे.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी ते फौजेतून घरी आले. रजेवर नव्हे, कायमचे. कागदावर स्किझोफ्रेनिया असं लिहिलेलं होतं. गावानं ‘डोस्क्यावर परिणाम झाला’ एवढंच म्हटलं. भिंतीपलीकडून कुणी आपल्याला हुकूम देतंय असं त्यांना वाटायचं, आणि ते हुकूम ऐकत अंगणात तासतासभर ताठ उभे राहायचे. सांगलीच्या डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, की बरं वाटलं तरी गोळी सोडायची नाही, सुटली की आजार उलटतो. सासूबाईंना हे जमणार नाही असं मीच ठरवलं आणि भावजींना साताऱ्याला आणलं. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवला : सकाळ, दुपार, रात्र, आणि पुढे खुणेला चौकट. महिनाभर एकही चौकट रिकामी राहिली नाही. मला त्याचा अभिमान होता…

मग एका सकाळी तुळशीची माती उकरताना नऊ गोळ्या निघाल्या. भावजी त्या जिभेखाली धरून अंगणात येऊन थुंकत होते. का थुंकता, असं मी त्यांना विचारलं नाही. ओरडले मात्र. दुसऱ्या दिवसापासून गोळी खलबत्त्यात कुटायची आणि आल्याच्या चहात, दीडपट साखर घालून द्यायची, असं मी माझ्यापुरतं ठरवलं. घरात कुणालाही सांगितलं नाही. चौकटींवर खुणा पुन्हा सुरू झाल्या.

चौथ्या दिवशी भावजींनी कप खाली ठेवला.

“वैनी, च्यात कायतरी हाय.”

“आलं आहे.”

“आल्यानं जीभ बधिर हुती व्हय? मला यड्यात काढू नगा. आदीच निघालोय.”

ते स्वतःच हसले. मी हसले नाही. ते उठले, देव्हाऱ्यातली पितळी डबी घेऊन आले आणि माझ्यासमोर धरली. आमचं कुलदैवत खंडोबा. आमच्याकडे शपथ म्हणजे भंडारा उचलायचा. त्यानंतर कुणी पुढे विचारत नाही.

“उचला. कायबी न्हाई म्हणा, मी पितो.”

मी चिमूट उचलली. कपाळाला लावली आणि म्हटलं, “खंडोबाची आण, चहात काही नाही.” मनात एवढंच होतं, की नवाच्या आत कप रिकामा झाला पाहिजे, शाळेची वेळ होते आहे. भावजींनी कप उचलून एका दमात संपवला आणि म्हणाले, “मग माजीच जीभ बिगाडली म्हणायची.”

गोळीनं गुण आला, हे लपवत नाही. हुकूम विरत गेले, झोप लागू लागली. पण ताटात काही आलं, की ते आधी माझ्या मुलीपुढे सरकवू लागले, “चाखून बग गं, कडू लागतंय का?” ती नाही म्हणाली की मुकाट्यानं खात. पुढच्या तपासणीला सांगलीला गेलो तेव्हा त्यांनी डॉक्टरांनाही सांगितलं, चहा जीभ बधिर करतो, पण वैनी म्हणते काही नाही. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पिशवीतून खुणांचा कागद काढून पुढे केला. ते म्हणाले, “इतक्या नियमानं घेऊनही संशय जात नाही, म्हणजे डोस वाढवायला हवा.” मी कागद घडी करून पिशवीत ठेवला. घरी येऊन एकाच्या दोन गोळ्या कुटू लागले. ज्या गोष्टीत त्यांचं काहीच चुकत नव्हतं, त्या गोष्टीसाठी मी त्यांना दुप्पट औषध दिलं.

दीड वर्षानं भावजी उसाच्या तोडणीला म्हणून गावी गेले आणि तिथेच राहिले. मी गोळ्या आणि कागद गावातच राहणाऱ्या कांबळ्यांच्या हवाली केला. चहाचं बोलले नाही. महिन्याभरात आजार उलटणार अशी माझी खात्री होती. उलटला नाही. कांबळ्यांना त्या वेळी क्षयाची औषधं चालू होती. रोज सकाळी चावडीपुढे दोघं एकमेकांसमोर उभे राहत. “जवान, गोली ले!” असा कांबळ्यांचा हुकूम, आणि दोघं एकदम गिळत. कांबळ्यांचं औषध संपलं तेव्हा त्यांनी ते लपवलं नाही. “माजं झालं गड्या. आता तू एकटा.” भावजी म्हणाले, “एकटा कशापायी? तू शेंगदाणं खा.” तेव्हापासून कांबळे समोर उभे राहून मूठभर शेंगदाणे खात. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं होतं, “गोळीनं तरास काय हुतो रं?” भावजींनी हात पुढे केला. तो इतका कापत होता, की दाढी करताना गाल कापायचा. मी तो कापलेला गाल रोज पाहिला होता आणि त्यावर तुरटी लावून दिली होती. कांबळे त्यांना घेऊन सांगलीला गेले. डॉक्टरांनी डोस उतरवला, कंपासाठी एक बारीक गोळी दिली. एवढंच काम होतं.

गेल्या उन्हाळ्यात मी गावी गेले तेव्हा भावजींनी माझ्यासमोर गोळी घेतली. पाणी यायला उशीर झाला म्हणून ती तोंडात विरघळली. ते थांबले… जीभ टाळूवर फिरवली.

“वैनी, ही तुमच्या च्यासारखी लागती बगा. तश्शीच बधिर.”

कांबळ्यांच्या हातातले शेंगदाणे हातातच राहिले. भावजी माझ्याकडे पाहत होते. रागानं नव्हे. गणित सुटत नसलेला मुलगा फळ्याकडे पाहतो तसं. सांगायला मला दोन वाक्यं पुरली असती. मी म्हटलं, “चूळ भरा, बरं वाटेल.” त्यांनी मुकाट्यानं चूळ भरली आणि म्हणाले, “व्हय, जीभच गेलीया माजी.” सात वर्षांत त्यांच्या डोक्यानं त्यांना पुष्कळ फसवलं. जिभेनं एकदाही नाही. ते माझ्याखेरीज कुणाला माहीत नव्हतं.

दहाव्याचं जेवण उरकल्यावर कांबळे माझ्याजवळ आले. आवाज खाली घेऊन म्हणाले, “वैनीसाब, येक इचारतो. वसंता लई डाव म्हणायचा, वैनीनं भंडारा उचललाय, मजी मीच येडा. त्याची जीभ बराबर हुती न्हवं?”

मी म्हटलं, “कांबळे, सासूबाई जेवल्यात का बघता का जरा?”

ते बघायला गेले. सासूबाई तासापूर्वीच जेवल्या होत्या, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

हे छापून येईल तेव्हा कांबळे वाचतील किंवा वाचणार नाहीत. वाचलं तरी ते माझं उत्तर नव्हे. उत्तर त्यांच्या आणि सासूबाईंच्या समोर बसून द्यायचं आहे, आणि तोंडानं द्यायचं आहे. गेल्या रविवारी मी साताऱ्याच्या स्टँडवर गेले. गाडी लागलेली होती. कंडक्टर म्हणाला, “बसा की बाई, जागा हाय.”

मी म्हटलं, “पुढच्या गाडीनं जाते,” आणि घरी परतले. जायचं अजून राहिलं आहे.